वरमालेचे उमेदवार

एका स्त्रीच्या प्रेमाची आकांक्षा धरणारे दोन परस्परविरोधी स्वभावांचे पुरुष, किंवा एका पुरुषाच्या आयुष्यात समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन भिन्न प्रकृतींच्या स्त्रिया, ही रचना कथावाङ्मयाइतकीच पुरातन असली, तरी आपल्या समीक्षेने तिला ‘प्रेमाचा त्रिकोण’ म्हणून एकदा जे हातावेगळे केले, ते पुन्हा गंभीरपणे हाती घेतले नाही. लोकरंजनाची एक सोयीस्कर युक्ती, कादंबरीची पाने वाढवण्याचा एक सुलभ मार्ग, यापलीकडे या रचनेला काही अर्थ असेल असे फारसे कोणाला वाटले नाही. प्रस्तुत ग्रंथाचा जन्म या उपेक्षेविरुद्धच्या तक्रारीतून झाला आहे. दोन प्रतिस्पर्धी कथेत तेव्हाच उभे राहू शकतात, जेव्हा त्यांच्यापैकी एकाची निवड करण्याचा अधिकार कोणातरी तिसऱ्या व्यक्तीच्या हाती असतो, आणि हा अधिकार आपल्या समाजात कोणाच्या हाती होता, तो कधी, कसा आणि किती हस्तांतरित झाला, याचा इतका प्रामाणिक दाखला सरकारी दप्तरांतही मिळणार नाही, जितका तो कादंबऱ्यांतील या प्रतिस्पर्ध्यांच्या जोड्यांत मिळतो, ही आमची धारणा आहे.

आख्यानकाव्याच्या परंपरेत ही वस्तुस्थिती अगदी स्वच्छ दिसते. रुक्मिणीच्या मनात कृष्ण आणि तिच्या भावाच्या मनात शिशुपाल, हा झगडा एकनाथांनी सोळाव्या शतकात ओवीबद्ध केला तेव्हा घराघरांतील मुलींचे विवाह त्यांच्या संमतीवाचूनच होत होते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ब्राह्मणाच्या हाती गुप्तपणे पत्र पाठवणाऱ्या त्या राजकन्येची कथा माजघरांतून भक्तिभावाने ऐकली गेली. दमयंतीची कथा याहून सूक्ष्म आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नलाचेच रूप धारण करून स्वयंवरमंडपात बसतात, आणि दमयंती खरा नल ओळखते तो त्याच्या गुणांवरून नव्हे, तर त्याच्या मर्त्यपणाच्या खुणांवरून: त्याची सावली पडते, त्याला घाम येतो, त्याच्या गळ्यातील फुले कोमेजतात आणि त्याचे पाय भूमीला टेकतात. प्रतिस्पर्धी सर्व बाबतींत श्रेष्ठ असतानाही न्यून असलेल्याची निवड करणे, हे प्रेमाचे खास लक्षण या कथेने जितक्या निःशंकपणे सांगितले, तितके आमच्या समजुतीप्रमाणे पुढच्या शंभर वर्षांच्या मराठी कादंबरीलाही सांगता आले नाही.

कारण कादंबरी जन्माला आली ती आख्यानाच्या मंडपात नव्हे, तर बालविवाहाच्या अंगणात. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर अवघ्या एका वर्षाचे, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, आणि रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्तींची मुळे भालचंद्र नेमाडे यांनी याच तीन ग्रंथांत शोधली: पहिलीत वास्तवाचा, दुसरीत अद्भुतरम्यतेचा आणि तिसरीत इतिहासाचा प्रवाह. आमच्या विषयापुरते सांगायचे, तर वास्तवाच्या प्रवाहात दीर्घकाळपर्यंत प्रतिस्पर्धी नाहीच. तो आहे तो काल्पनिक राज्यांत आणि गडकोटांवर. आठव्या-दहाव्या वर्षी सासरी जाणाऱ्या मुलीची अभिलाषा दोन पुरुषांनी धरावी आणि तिने त्यांच्यातून एकास पसंत करावे, ही गोष्ट गिरगावातील वाड्यात घडवायची तर लेखकाला असत्य लिहावे लागले असते. म्हणून ती कुठल्याशा राजधानीत घडवली गेली. हरिभाऊ आपट्यांनी तर हे दोन्ही प्रवाह एकाच लेखणीने चालवले. १८९० साली ‘करमणूक’मध्ये सुरू झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो!’मधील यमूला नवऱ्यावाचून दुसरा पुरुष ठाऊक नाही, तिचा शत्रू रूढी हाच आहे. पण त्याच हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये उदयभानू हा सिंहगडाचा किल्लेदार तर आहेच, शिवाय कमलकुमारीचा अभिलाषीही आहे, आणि त्या अभिलाषेमुळे किल्ल्याच्या लढाईला एका स्त्रीच्या सुटकेचे परिमाण मिळते.

ज्या काळात कादंबरी हे असे अंतर राखून होती, त्याच काळात मुंबईच्या हायकोर्टात एक फिर्याद उभी राहिली. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदण्यास नकार दिला, तेव्हा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली त्यांच्यावर दावा लावला. १८८५ साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, १८८७ साली तो उलटला आणि पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. अखेर १८८८ साली तडजोड होऊन त्या पुढे विलायतेस वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या. या खटल्यात दुसरा पुरुष कोणीही नव्हता. मला दुसरा कोणी नको आहे, पण हाही नको आहे, असे एका स्त्रीने भर न्यायालयात म्हणणे ही घटना कोणत्याही त्रिकोणाहून अधिक क्रांतिकारक होती, आणि मराठी कादंबरीने तिच्याशी बरोबरी करायला अर्धे शतक घेतले. आमच्या संग्रहातील पहिला निबंध या खटल्यावर आहे, याचे कारण एवढेच की नकाराचा हक्क प्रस्थापित झाल्यावाचून निवडीच्या कथांना पाया मिळत नाही.

या मधल्या काळाची भरपाई रंगभूमीने केली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) बलरामाने ठरवलेले दुर्योधनाचे स्थळ आणि सुभद्रेच्या मनातील अर्जुन असा सरळ विरोध आहे, आणि तो कृष्णाच्या कारस्थानाने सुटतो. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) वृद्ध भुजंगनाथ आणि तरुण कोदंड यांच्यातील विरोध इतका दाहक आहे की ते नाटक सामाजिक चळवळीचा भाग होऊन बसले. परंतु त्यातील एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हाला अगत्याचे वाटते. भुजंगनाथाचा पराभव शारदेच्या नकाराने होत नाही. वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस आल्याने लग्न मोडते. देवलांसारख्या कनवाळू सुधारकालासुद्धा आपल्या प्रेक्षकांपुढे मुलीच्या इच्छेपेक्षा गोत्राचा पुरावाच अधिक भक्कम वाटला, यातच त्या काळाचे मर्म आहे. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये आले तेव्हा परिस्थिती किंचित पालटली होती. धनाढ्य आणि भेकड लक्ष्मीधर व निर्धन परंतु पराक्रमी धैर्यधर यांच्यात निवड करताना भामिनी स्वतः चुकते, दारिद्र्याचा उपहास करते, आणि स्वतःच वेषांतर करून ती चूक दुरुस्त करते. नायिकेला चुकण्याचा अधिकार देणे ही तिला निवडीचा अधिकार देण्याच्या पुढची पायरी होय. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये १८१३ साली हीच पायरी गाठली होती: तिची एलिझाबेथ मधुरभाषी विकमवर विश्वास टाकते, अबोल डार्सीचा तिरस्कार करते, आणि पुढे दोघांची किंमत नव्याने ठरवते. शतकभराचे अंतर असूनही दोन्ही कृतींत प्रतिस्पर्ध्याचे कार्य एकच आहे: नायिकेच्या विवेकाची परीक्षा घेणे.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले, कॉलेजांत मुली दिसू लागल्या, आणि प्रतिस्पर्धी अखेर वास्तव कादंबरीत सुखाने वावरू लागला. ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ या कादंबऱ्यांची नावे त्या काळच्या वाचकांच्या ओठांवर होती. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये गुंतागुंत आणि उत्कंठा यांचे जे शास्त्र मांडले, त्यात प्रतिस्पर्ध्याला यंत्रातील चाकाचे स्थान आहे. हे यंत्र फार सफाईने चालते, पण त्यात पडणारा प्रत्येक पुरुष देखणा आणि प्रत्येक अडचण तात्पुरती असते, असा आमचा अभिप्राय आहे. वि. स. खांडेकरांनी हे चाक काढून त्या जागी तराजू बसवला. त्यांच्या ‘क्रौंचवधा’त (१९४२) सुलोचनेचे पती डॉक्टर भगवंतराव आणि क्रांतीच्या वाटेने गेलेला दिलीप हे दोघे केवळ दोन पुरुष नाहीत, ती दोन जीवनमूल्ये आहेत, आणि जिथे एक मूल्य दुसऱ्याहून आरंभापासूनच जड ठरवलेले असते, तिथे निवडीचे नाट्य कमी आणि प्रवचन अधिक होते, हा आक्षेप खांडेकरांवर न्यायाने घेता येतो. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ या गाजलेल्या वादाची चर्चा येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. एवढेच नोंदवावे की प्रतिस्पर्ध्याला माणूस म्हणून उभे करण्याचे काम त्या वादाच्या दोन्ही पक्षांच्या बाहेर अधिक चांगले झाले. विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’मधील (१९३४) परित्यक्ता अचला आणि विराग यांच्या संबंधात न नांदवणाऱ्या पतीची कायदेशीर सावली ज्या रीतीने पडते, किंवा विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगणा’त (१९३९) उमेकडून दुखावलेला चक्रधर हर्टाच्या प्रेमापुढे ज्या संशयाने उभा राहतो, तेथे अनुपस्थित प्रतिस्पर्धी हा उपस्थितापेक्षा बलवान ठरतो.

आता ‘ययाति’कडे वळतो, कारण या ग्रंथाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका कादंबरीने व्यापला आहे आणि त्याबद्दल आम्हाला दिलगिरी वाटत नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेली, १९६० चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारी आणि ज्या लेखकाला पुढे मराठीतले पहिले ज्ञानपीठ लाभले त्याची ही सर्वाधिक वाचली गेलेली कृती. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापली जबानी स्वतः देतात, त्यामुळे एकाच घटनेची रुजवात वाचकाला तीन साक्षींवरून घालावी लागते. त्रिकोणाबाहेर उभा असलेला कच हा चौथा कोन आहे. तो देवयानीने इच्छिलेला पण न मिळालेला पुरुष, आणि म्हणून ययातीचा असा प्रतिस्पर्धी, ज्याच्याशी ययातीला कधीही सामना करता येत नाही. संयमी कच आणि भोगलोलुप ययाति, अभिमानी देवयानी आणि समर्पणशील शर्मिष्ठा, असा दुहेरी विरोध खांडेकरांनी रचला, आणि त्याची सममिती इतकी आकर्षक आहे की तिच्यात काय हरवले याकडे वाचकाचे दुर्लक्ष होते.

काय हरवले ते आदिपर्व उघडले की कळते. महाभारतातील शर्मिष्ठा ही प्रेमविव्हल युवती नाही. ती वाद घालणारी स्त्री आहे. दासी होऊन आलेली ही असुरराजाची कन्या अशोकवनिकेत ययातीला गाठते, आणि तो शुक्राचार्यांना दिलेल्या वचनाची आठवण करून देतो तेव्हा ती त्याला कोणत्या प्रसंगी असत्य दोषास्पद नाही हे समजावते, आणि सखीचा पती तो आपलाही पतीच होय, असा युक्तिवाद एखाद्या वकिलाच्या थंडपणाने मांडते. राजा तो मान्य करतो. या शर्मिष्ठेला आपला हक्क ठाऊक आहे आणि तो वसूल करण्याची भाषाही अवगत आहे. खांडेकरांनी तिला कोमल, सोशिक, मुलाला उराशी धरून रानोमाळ हिंडणारी माता केले. आम्ही तिच्यावर प्रेम करू लागलो, पण तिची बुद्धी तिच्यापासून काढून घेतली गेली. देवयानीच्या बाबतीत हा अन्याय याहून मोठा आहे. तिचा अहंकार सर्वांना दिसतो. परंतु ज्या कचाला तिने पित्याकरवी पुनःपुन्हा जिवंत करवले, त्यानेच आपण शुक्राच्या उदरातून जन्मलो म्हणून तू माझी बहीण, असे सांगून तिला दूर सारले आणि कोणीही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही असा प्रतिशाप दिला. ब्राह्मणकन्येने क्षत्रियाशी लग्न करणे ही तिची महत्त्वाकांक्षा नव्हती. त्या शापानंतर तिच्यासाठी तेवढाच मार्ग शिल्लक उरला होता. खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ (१९१३) आणि शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) ही दोन नाटके या कादंबरीच्या दोन बाजूंना ठेवून वाचली, तर एकाच स्त्रीच्या वाट्याला अर्धशतकात किती निराळे न्याय आले ते दिसते.

‘ययाति’च्या प्रकाशनकालाकडेही पाहावे. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ साली झाला होता आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो निर्बंध देशभरच्या हिंदूंना लागू केला. म्हणजे सवत ही संस्था कायद्याने बाद झाल्यावर चार वर्षांनी मराठी वाचकाने सवतींची ही कथा डोक्यावर घेतली. ज्यांच्या आया आणि आज्या सवतीसह नांदल्या, त्या पिढीला देवयानीचा संताप प्रथमच न्याय्य वाटण्याची सोय झाली होती, आणि तरी बहुसंख्य वाचकांनी सहानुभूती शर्मिष्ठेलाच दिली. याचा उलगडा करण्याचा प्रयत्न या ग्रंथात झाला आहे.

पुढच्या काळाचा आढावा थोडक्यात घेतो. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (१९५२) राधा ही हॉटेलवाल्या रावजीच्या आश्रयाला असते, आणि गावाने ओवाळून टाकलेला बापू तिच्या आयुष्यात येतो तेव्हा रावजीला खलनायक करण्याचा मोह लेखकाने टाळला, कोकणातील माणुसकीचे हे चित्र आमच्या दृष्टीने मराठी प्रतिस्पर्ध्यांच्या इतिहासातील एक प्रौढ क्षण आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने आणि दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्वा’ने महाभारतातील स्त्रियांकडे पाहण्याची दृष्टी बदलली, तिचा लाभ कादंबरीकारांना झाला. गौरी देशपांडे यांच्या लेखनात तर निवडणारी स्त्री दोघांपैकी कोण चांगला हा प्रश्नच सोडून देते आणि आपल्याला कोणाजवळ किती काळ राहायचे आहे, याचा हिशेब स्वतःशी करते.

हा ग्रंथ शीव कोळीवाड्यातील एका वाचनवर्गात आकाराला आला, ही बाब केवळ कृतज्ञतेपोटी नमूद करीत नाही. तिचा विषयाशी संबंध आहे. या वस्तीत मूळचे कोळी आहेत, फाळणीनंतर येथल्या छावणीत येऊन राहिलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आहे, आणि शेजारच्या माटुंग्यातून येणारे तमिळ वाचकही आहेत. मासळीच्या व्यवहाराचा पैसा स्वतःच्या कनवटीला बाळगणाऱ्या कोळी मावश्यांनी देवयानीची बाजू जितक्या हिरिरीने घेतली, तितकी आमच्या कोणाही प्राध्यापक मित्राने घेतली नव्हती; दासीपण लादण्यात तिची चूक, पण नवऱ्याने केलेली लबाडी तिच्या माथी का, हा त्यांचा सवाल निबंधांत वारंवार उमटला आहे. एका पंजाबी आजोबांनी वारिस शाहच्या हीरचा विषय काढला आणि तिला ज्याच्या घरी बळेच दिले त्या सैदा खेड्याचे काय झाले, याची चौकशी कोणी का करत नाही, असे विचारले. आणि एका सिंधी बाईंनी उमर-मारुईची कथा सांगितली. थरच्या वाळवंटातील गरीब मारुईला उमर राजाने पळवून गढीत कोंडले, वैभवाची आमिषे दाखवली; तिने आपली घोंगडी आणि आपली माणसे सोडली नाहीत; आणि अखेर उमरने हार मानून तिला सन्मानाने परत पाठवले. शाह अब्दुल लतीफ यांनी ही कथा अमर केली. हरलेल्या उमेदवाराने आपली हार कबूल करणे हा प्रसंग मराठी कादंबरीत शोधायला आम्ही निघालो तेव्हा हाती फार थोडे लागले, हे खेदाने सांगावे लागते.

आणि हा खेद केवळ वाङ्मयीन नाही. एकतर्फी प्रेमातून मुलींवर होणाऱ्या हल्ल्यांच्या बातम्या महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांत आता कोणालाही अपरिचित राहिलेल्या नाहीत. दूरचित्रवाणीच्या मालिकांतील प्रतिस्पर्धी स्त्री ही वर्षानुवर्षे कट रचणारी खलनायिका असते, आणि चित्रपटांतील नाकारला गेलेला पुरुष हा चिकाटीच्या बळावर नकाराचा होकार करून दाखवणारा नायक असतो. तरुण मुलामुलींच्या मनात प्रेमाची जी वहिवाट पडते ती अशाच कथांनी पडते. एमिली ब्राँटीच्या हीथक्लिफचे वेड ज्या मोहक भाषेत रंगवले जाते, तितक्याच आस्थेने त्याच कादंबरीतील सौम्य एडगर लिंटनचे दुःख समजावून सांगणारे शिक्षक आम्हाला हवे आहेत. हा ग्रंथ प्रामुख्याने त्यांच्यासाठी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केला आहे.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगणे कर्तव्य आहे. येथे मराठी कादंबरीचा इतिहास नाही. तो कुसुमावती देशपांडे यांनी ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’मध्ये अधिकाराने लिहिला आहे. रहस्यकथा आणि मासिकांतील अगणित प्रेमकथा वगळल्या आहेत. अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांतील प्रेम आणि वैर यांवर एकच निबंध देता आला. तो विषय स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेचा आहे. लेखकांना मतैक्याची अट घातली नव्हती. त्याचा परिणाम म्हणून देवयानीवर दोन निबंध आले, एकात तिला ययातीच्या अधःपाताचे कारण ठरवले आहे, तर दुसऱ्यात त्या अधःपाताची पहिली बळी. संपादनाच्या वेळी दोन्ही लेखकांना एकत्र बसवून मध्यम मार्ग काढण्याची सूचना झाली होती. ती मी मान्य केली नाही. दोन्ही निबंध पाठोपाठ छापले आहेत, आणि त्यांपैकी आधी कोणता वाचावा हे वाचकांच्या मुखत्यारीवर सोडले आहे.

शीव कोळीवाडा, मुंबई